होय, मी बँडवाला!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात मुलांसाठी झालेल्या ‘दहावी-बारावीनंतर काय?’ या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



माझ्या आधी आपल्या सीए झालेल्या ताई बोलल्या, मग आयटीवाले दादा बोलले. दोघांनीही पडद्यावर छान चित्रं दाखवली. माझ्याकडे चित्रं नाहीत. एक काळी पेटी आणलीय, ती टेबलाखाली ठेवलीय. तिच्याकडे शेवटी येऊ.

सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘नौदलातील संधी’. मी त्यांना म्हटलं, विषय थोडा बदलतो, चालेल का? ते म्हणाले, ‘काका, तुम्ही काहीही बोला.’ हे वाक्य त्यांना महागात पडणार आहे.

तुम्ही मला पंचवीस वर्षं ‘नेव्हीवाले काका’ म्हणून ओळखता. १९९९ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा लिफ्ट सुरू व्हायची होती आणि पाणी टँकरने यायचं. कोणी विचारलं, ‘नेव्हीत काय असता?’ तर मी सांगायचो, ‘सेलर.’ खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. मी नौदलाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. वीस वर्षं तेच माझं काम, त्याचाच पगार आणि आज त्याचंच पेन्शन. हे या इमारतीत फक्त माझ्या घरच्यांना माहीत होतं.

आता हे आजच का सांगतोय? तर गेल्या वर्षीची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवा. पार्किंग झालं, पाण्याच्या टाकीची गळती झाली आणि आयत्या वेळच्या विषयांत एक तक्रार आली. सी विंगमधला आपला एक मुलगा संध्याकाळी गच्चीवर ट्रम्पेट वाजवतो, त्याचा त्रास होतो. तक्रार रास्त होती, लहान मुलांच्या परीक्षा चालू होत्या. पण मागून कोणीतरी म्हणालं, ‘सोसायटी आहे की लग्नाचा हॉल? बँडवाल्यांसारखं काय लावलंय!’ सगळे हसले. तो मुलगा दाराशी उभा होता, त्याचे वडील खाली मान घालून बसले होते. आणि मंडळी, मीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण ‘बँडवाला’ ही शिवी मी लहानपणी पुष्कळ ऐकली होती, आणि त्या दिवशी ती देणाऱ्यांच्या बाजूला मी बसलो होतो.

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. आमच्या घरात वाजंत्रीपण पिढ्यांचं, आजोबा सनई वाजवायचे. लग्नसराईत सुपाऱ्या असायच्या, एरवी दुसऱ्यांच्या शेतात मजुरी. वरातीत वडील पुढे असायचे, पण पंगतीत बँडवाले शेवटी आणि तेही बाजूला. दारू प्यालेला नवऱ्याचा मित्र नोट दातात धरून ‘वाजव रे’ म्हणायचा, ती नोट वडील हातात घेऊन खिशात टाकायचे आणि वाजवायचे. मी दहा वर्षांचा होतो, मागे खुळखुळे घेऊन चालायचो. ते बघितलेलं माणूस विसरत नाही. म्हणून इथे फ्लॅट घेतला तेव्हा ठरवलं, आता बस, इथे कोणाला कळायला नको. माझी चूक ही, की लाज मी ज्यांनी वडिलांना तसं वागवलं त्यांची बाळगायला हवी होती, ती मी बाजाची बाळगली.

असो. आता मुद्द्याकडे येतो, कारण मुलांना माझी कहाणी नको, माहिती हवी.

पहिला प्रश्न मुलं विचारतात, सैन्यात बँड कशाला? तिथे तर लढाई करतात. मुलांनो, पूर्वी रणांगणावर हुकूम देण्यासाठी नगारे, तुताऱ्या, बिगुल लागायचे, कारण गोंगाटात माणसाचा आवाज पोचत नाही. आपल्याकडे रणवाद्यं होतीच. पुढे युरोपीय पलटणींबरोबर पितळी वाद्यांचे बँड आले. आणि ‘हे सगळं इंग्रजांचं, आपलं काय त्यात’ असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या सरफोजीराजे दुसरे यांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या राजाने, दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला होता आणि पाश्चात्त्य स्वरलेखनात रचनाही केल्या होत्या. म्हणजे मराठी घरातला माणूस दोनशे वर्षांपूर्वी स्टाफ नोटेशन लिहीत होता. आणि आपल्या लग्नातला बँड म्हणजे तरी काय? तो पलटणीच्या बँडचाच धाकटा भाऊ. तीच वाद्यं, तोच झुपकेदार टोपीचा आणि सोनेरी फितींचा पोशाख. एकाला सलामी आणि दुसऱ्याला शेवटची पंगत, एवढाच फरक आपण केला.

आज आपल्या तिन्ही सैन्यदलांचे स्वतःचे बँड आहेत. ढोबळ दोन प्रकार धरा. एक ब्रास किंवा मिलिटरी बँड. त्यात क्लॅरिनेट, बासरीसारखी फ्ल्यूट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा आणि ड्रम. दुसरा पाइप बँड, म्हणजे मशकबीन ऊर्फ बॅगपाइप आणि ड्रम. पायदळाच्या रेजिमेंटचे पाइप बँड तुम्ही परेडमध्ये पाहिले असतील. पायदळातल्या बँडवाल्याला फक्त वाजवून चालत नाही. तो आधी सैनिक असतो, आणि लढाईच्या वेळी जखमींना स्ट्रेचरवरून आणण्याचं काम परंपरेने बँडच्या माणसांकडे आलेलं आहे. ज्यांना वाटतं की बँड म्हणजे नुसती शोभा, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

लष्कराच्या वादकांचं मोठं शिक्षण मध्य प्रदेशात पचमढीला होतं. जनरल करिअप्पा लष्करप्रमुख असताना १९५० साली तिथे सैनिकी संगीताची शाळा सुरू झाली. आधी ही विद्या इंग्लंडमधल्या नेलर हॉलच्या शाळेकडे बघून शिकावी लागायची, ती आपल्या डोंगरात आली. नौदलाचा बँड १९४५ चा, हवाई दलाचा त्याच्या एक वर्ष आधीचा, १९४४ चा. नौदलाच्या वादकांचं संगीत शिक्षण आपल्या मुंबईत, आयएनएस कुंजाली इथे होतं. कुलाब्याला फिरायला जाता ना, त्याच भागात.

आता रोजचं काम काय? सकाळी ध्वजारोहण, परेड, मग दोन-तीन तासांची एकत्र तालीम, नंतर ज्याचा त्याचा रियाज. नवं जहाज नौदलात दाखल होताना राष्ट्रगीत बँड वाजवतो. परदेशी पाहुणे आले की त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवायचं, आणि त्यात एक सूर चुकून चालत नाही, कारण तो अपमान समजला जातो. मेसमध्ये मेजवानी असेल तर मंद स्वरात वाजवायचं. डिसेंबरमध्ये नौदल सप्ताहात गेटवे ऑफ इंडियासमोर बीटिंग रिट्रीट होतं, ते तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिलंही असेल. आणि २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात तिन्ही दलांचे बँड एकत्र येतात, ते दूरदर्शनवर दिसतं. तिथे उभं राहण्याची गंमत काय असते सांगू? जानेवारीतली दिल्लीची थंडी. थंडीत आमच्या वाद्यांचा सूर उतरतो, आणि मुंबईच्या उन्हात तोच चढतो. वाजायच्या आधी तोंडाने गरम हवा फुंकत राहायची, बोटं काखेत धरायची. लोक म्हणतात, काय रांगेत चालतात! आमचं सगळं लक्ष सुराकडे असतं.

या कामात माणसाला मान मिळतो का? दोन उदाहरणं देतो. राम सिंह ठाकुरी नावाचे एक गोरखा सैनिक होते. लहान वयात पलटणीच्या बँडमध्ये शिरले. पुढे नेताजींच्या आझाद हिंद सेनेत गेले आणि ‘कदम कदम बढाये जा’ची चाल त्यांनी बांधली. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात सशस्त्र पोलिसांच्या बँडचं काम केलं, २००२ साली वारले. आजही प्रत्येक एनसीसीच्या मुलाच्या पायात ती चाल आहे. आणि दुसरं, थोडं उलट दिशेने. २०२२ च्या बीटिंग रिट्रीटमध्ये ‘अबाइड विथ मी’ या जुन्या इंग्रजी स्तोत्राच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ वाजवलं गेलं. यावर वाद झाले, मी त्यात पडत नाही, मी दोन्ही वाजवलेली आहेत आणि दोन्हींनी गळा भरून येतो. पण ती चाल कोणाची? सी. रामचंद्र यांची, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या आपल्या रामचंद्र चितळकरांची. लतादीदींनी ते गाणं पहिल्यांदा गायलं २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत. २००९ साली पॅरिसच्या १४ जुलैच्या संचलनात आपल्या तुकडीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते, पुढे आपला बँड होता. तेव्हा आपले सूर आणि आपली माणसं कुठे कुठे पोचतात ते बघा.

आता भरतीचं. मी १९८१ साली गेलो, अठरा वर्षांचा होतो. माझ्या निवडीची गोष्ट सांगतो, कारण परीक्षा आजही साधारण तशीच असते. साहेबांनी पियानोवर एक सूर वाजवला आणि म्हणाले, हा तुझ्या बाजावर काढ. मी काढला. दुसरा वाजवला, तोही काढला. मग म्हणाले, काहीतरी वाजव. मी वडिलांनी शिकवलेली भूपातली धून वाजवली. त्यांनी मान डोलावली आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. पाच रेघा आणि त्यावर काळे ठिपके. मला वाटलं, कागदावर मुंग्या लागल्यात. म्हटलं, ‘साहेब, वाचता येत नाही.’ ते म्हणाले, ‘शिकशील का?’ मी म्हटलं, ‘शिकेन.’ एवढ्या एका शब्दावर माझं आयुष्य बदललं.

पहिले सहा महिने रडकुंडीला आलो. मला शंभर-दीडशे धुना तोंडपाठ होत्या, पण एक ओळ वाचता येत नव्हती. शेजारचा गोव्याचा मुलगा चर्चच्या शाळेत लहानपणापासून स्वरलेखन शिकून आलेला, तो पेपर वाचावा तसं वाचायचा. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून हे शिक्षण मिळालं, म्हणून तिथली माणसं पलटणींच्या बँडमध्ये आणि पुढे मुंबईच्या सिनेमात गेली. त्यानेच मला शिकवलं. त्यात आणखी एक फजिती. कागदावर लिहिलेलं असतं सी, म्हणजे आपली पांढरी एक, पण साध्या क्लॅरिनेटवर ते वाजवलं की ऐकू येते बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच. अल्टो सॅक्सोफोनवर काळी दोन. प्रत्येक बाजाचा सा वेगळा, आणि सगळ्यांनी मिळून एकच गाणं वाजवायचं. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना ही गंमत लगेच कळेल.

पहिल्या सुट्टीत मी वडिलांची ती धून स्वरलिपीत लिहून गावी नेली. म्हटलं, ‘अण्णा, हे बघा, तुमचं गाणं कागदावर. आता विलायतेतला माणूसही वाजवेल.’ वाजवून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, ‘सगळं आलं रं, पण माझी मुरकी कुठाय?’ मुरकी नव्हतीच आली. ती कागदात मावत नाही. मुलांनो, ही गोष्ट विसरू नका. कागद वाचायला शिका, पण घरून आणलेली मुरकी टाकून देऊ नका. चांगल्या वादकाकडे दोन्ही असतं.

आजचे नियम थोडक्यात सांगतो. नौदल आणि हवाई दल वादकांची वेगळी भरती काढतात. आता ती अग्निवीर योजनेखाली होते. शिक्षण दहावी पास. वय साधारण साडेसतरा ते एकवीस, नेमक्या तारखा जाहिरातीत असतात. उमेदवार अविवाहित हवा. आणि मुलींनो, तुम्हीही ऐका. हवाई दलाने २०२४ च्या वादक भरतीला मुलगे आणि मुली दोघांनाही बोलावलं होतं. परीक्षेत वाद्य वाजवून दाखवायचं, ताल आणि सूर पक्का हवा, एक गाणं म्हणायला लावतात, वाद्य स्वतःचं स्वतः जुळवता यायला हवं आणि वाजवलेला अनोळखी सूर ओळखून काढता यायला हवा. नौदलात भारतीय वाद्यही चालतं. हवाई दल वाद्यांची यादी देतं, ती नीट वाचा. स्वरलिपी येत असेल तर फार बरं, मग ती पाश्चात्त्य असो की आपली भातखंडे-पलुसकरांची. शिवाय धावणं आहेच. मुलांना १.६ किलोमीटर साडेसहा-सात मिनिटांत. फुंकून वाजवणाऱ्याची छाती असते, पण पायही लागतात. निवड झाली की नौदलात आधी ओडिशातल्या चिल्का इथे सैनिकी प्रशिक्षण, मग मुंबईत संगीताचं. लष्करात रेजिमेंटच्या बँडमध्ये जायची वाट वेगळी आहे, त्यासाठी जवळच्या लष्कर भरती कार्यालयात जाऊन विचारा. दलालाकडे एक रुपयाही देऊ नका. अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो.

आणि फक्त सैन्यदलंच नाहीत. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या जाहिरातीत ‘बँड्समन’ अशा वेगळ्या जागा येतात. थोड्या असतात, पण येतात. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांचेही बँड आहेत.

आता जे सांगणार आहे ते आईवडिलांनी कान देऊन ऐकावं. कारण मला इथे नुसतं गोड बोलायचं नाही.

माझ्या काळी सैनिकाला पंधरा वर्षांनी पेन्शन होतं. मी वीस वर्षं केली. त्या भरवशावर या फ्लॅटचं कर्ज काढलं. जून २०२२ पासून चित्र बदललं. अग्निवीर म्हणून चार वर्षं. योजना जाहीर झाली तेव्हाचे आकडे असे, की पहिल्या वर्षी महिना ३० हजार आणि वाढत चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून जातात, सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये हातात येतात, त्यावर आयकर नाही. पण पेन्शन नाही. आणि चौघांतला जास्तीत जास्त एक पुढे कायम होतो. म्हणजे तीन मुलं बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी घरी परत येणार.

त्या मुलाच्या वडिलांनी मला गेल्या महिन्यात जिन्यात गाठून विचारलं. त्यांना माझं गुपित माहीत नव्हतं, नेव्हीवाले म्हणून विचारलं. ‘काका, मुलगा वादक भरतीचा फॉर्म भरतो म्हणतोय. चार वर्षांनी काय करणार तो?’ मी तेव्हा ‘बघू, सांगतो’ म्हणून वर गेलो. त्यांचं उत्तर आज सगळ्यांसमोर देतो.

दादा, तुमची भीती बरोबर आहे. नोकरी कायमची मिळेल म्हणून पाठवत असाल, तर पाठवू नका. चारातला तो एक आपलाच असेल असं धरून घर चालत नाही. पण विद्या म्हणून पाठवत असाल, तर जरूर पाठवा. कारण बाहेर ट्रम्पेट शिकायचं तर वाद्य स्वतःच्या पैशाने, शिक्षक स्वतःच्या पैशाने, आणि चाळीस-पन्नास वादकांच्या मधोमध बसून रोज वाजवायला तर पैसे देऊनही मिळत नाही. तिथे वाद्य, शिक्षक, तालीम आणि वर पगार. चार वर्षांत जो मन लावून शिकेल, तो समोर ठेवलेला कोणताही कागद पहिल्या फटक्यात वाजवेल. ते पेन्शनसारखं कोणी बंद करू शकत नाही. जो नुसता परेडपुरता वाजवेल आणि उरलेला वेळ मोबाइलवर घालवेल, तो अकरा लाख घेऊन येईल आणि दोन वर्षांत तेही संपतील. एकाच बराकीत राहून ही दोन्ही मुलं घडतात. ते मुलाच्या हातात आहे.

बाहेर आल्यावर काय करता येतं, तेही मी जेवढं जगलो तेवढंच सांगतो. निवृत्तीनंतर चौदा वर्षं मी दोन शाळांत बँड शिकवला. शाळांना बँड हवा असतो, शिकवणारा माणूस मिळत नाही. वाद्यदुरुस्ती हेही काम आहे, क्लॅरिनेटची गादी बसवणारा चांगला कारागीर आज शोधावा लागतो. पुढे शिकायचं तर ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या पायरीपायरीच्या परीक्षा मुंबई-पुण्यात देता येतात, गोव्यात कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात. मुंबईत एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा २००६ पासून आहे, तिथवर पोचणं अवघड, पण वाट त्याच विद्येतून जाते. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र पूर्वीसारखं काम राहिलेलं नाही. एकेकाळी पन्नास वादक बसायचे, आता पुष्कळसं संगणकावर होतं. त्या स्वप्नावर कोणी विसंबू नये.

म्हणून मुलांना माझ्या चार सूचना. पहिली, बारावी आणि नंतरची पदवी सोडू नका. नोकरीत असतानाही पत्राने पदवी करता येते, मी बी.ए. तसंच केलं. दुसरी, आजपासून रोज अर्धा तास स्वरलिपी वाचा, कोणतीही. तिसरी, एक मुख्य वाद्य आणि एक जोडवाद्य ठेवा. ट्रम्पेटवाल्याने थोडी पेटी किंवा कीबोर्ड शिकावा, म्हणजे सूर डोळ्यांना दिसतो. चौथी, सेवानिधीच्या पैशांतून चार वर्षांनी मोटारसायकल घेऊ नका, चांगलं वाद्य घ्या. उरलेले बँकेत ठेवा.

आणि आता सोसायटीकडे एक मागणं. हे अर्ज करूनही देईन, पण तोंडी आधी सांगतो.

गच्चीवरचा त्रास खरा आहे. ट्रम्पेटचा आवाज तीन इमारती ओलांडतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्यावर एक साधा उपाय आहे. प्रॅक्टिस म्यूट म्हणून एक बूच मिळतं, ते ट्रम्पेटच्या तोंडात बसवलं की आवाज खोलीबाहेर फारसा जात नाही. ते मी त्याला आणून दिलंय. पण सतत बूच लावून वाजवलं तर वादकाचा श्वास मोकळा होत नाही. म्हणून माझी विनंती अशी, की सोसायटीच्या ऑफिसमागची खोली संध्याकाळी सहा ते सात, आठवड्यातून चार दिवस त्याला द्यावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतील तेव्हा बंद. जी भाड्याची रक्कम कमिटी ठरवेल ती मी भरीन. आणि इथल्या आणखी कोणा मुलामुलीला शिकायचं असेल तर त्या तासाला मी तिथे बसेन. फी नाही. फक्त एक अट, उशिरा यायचं नाही. नेव्हीतली सवय आहे, जात नाही.

ज्यांनी त्या सभेत ते वाक्य म्हटलं त्यांच्यावर माझा राग नाही. ते माझे मित्र आहेत, आम्ही सकाळी एकत्र फिरायला जातो, आणि त्यांना तरी काय माहीत, शेजारी कोण बसलंय ते. माफी मलाच मागायची आहे. बाळा, तू दाराशी उभा होतास आणि मी हसलो. तेव्हा उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही. आज बोललो, उशीर झाला.

माझे वडील १९९६ साली गेले. या इमारतीत ते कधी आले नाहीत. ही काळी पेटी त्यांची आहे. आतलं क्लॅरिनेट जुन्या पद्धतीचं आहे, गाद्या मी नव्या बसवल्यात. पंचवीस वर्षं ती कपाटावर होती. साफसफाईच्या वेळी शेजारी विचारायचे, ‘यात काय आहे हो?’ मी म्हणायचो, ‘जुनी कागदपत्रं.’

आता कार्यक्रमाच्या शेवटी, अध्यक्षांची परवानगी असेल तर, मी आणि सी विंगचा आपला वादक मिळून एक धून वाजवणार आहोत. आठ दिवस माझ्या घरी खिडक्या लावून बसवलीय. ती भूपातलीच आहे, अण्णांची. त्याने कागदावरून वाजवायची, मी मुरकी घालायची. चुकलं तर सांभाळून घ्या.

आणि उद्यापासून नावाच्या पाटीवर नवी ओळ येणार आहे. पेंटरला सांगून ठेवलंय. ‘भारतीय नौदल, बँड (निवृत्त)’.

जय हिंद, जय महाराष्ट्र!